उजवी पाकळी

देवकीने जास्वंदीची पाकळी बादलीतल्या पाण्यात बुडवली, एकदा झटकली आणि भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काळ्या फरशीवर अंगठ्याने दाबली. तिच्या शेजारी तशीच दुसरी लावली. मग ओढणीला हात पुसून ती मागे सरली आणि आठवीच्या वर्गाकडे वळली.

"आता सांगा, ह्या पाकळ्या पडत का नाहीत?"

वर्गाला हे नवीन होतं. पुस्तकात बलाच्या धड्यात गाडी ढकलणारा माणूस, टेबलाचा खण ओढणारी मुलगी आणि चेंडूला लाथ मारणारा मुलगा अशी चित्रं होती. ही मंडळी मुलांना सहावीपासून भेटत आली होती, त्यामुळे त्यांच्याविषयी कोणाला काडीचीही उत्सुकता उरली नव्हती. पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठी आणि मुलांची कुजबूज कोंकणी. तिन्ही त्या वर्गात गुण्यागोविंदाने नांदत.

मागच्या बाकावरून रुद्रेश ओरडला, "टीचर, हें तर देवळांत प्रसाद लायतात तशें!"

वर्ग खिदळला. पहिल्या बाकावरची सिद्धी तेवढी हसली नाही. तिचे वडील बाबाजी गावच्या देवळाचे पुजारी होते आणि प्रसाद लावायचं काम त्यांचंच होतं. देवीच्या पाषाणी मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला ओली पाकळी लावायची, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न जुळवण्यापासून नवा ट्रॅक्टर घेण्यापर्यंत गावाचं पान ह्याशिवाय हलत नसे.

"प्रसादाचं राहू दे," देवकी म्हणाली. "पडत का नाहीत ते सांग."

"दसल्यात म्हणून."

"कशाने चिकटल्यात?"

"उदकान."

"बरं. म्हणजे पाणी पाकळीला दगडाशी धरून ठेवतं. आणि खाली कोण ओढतं?"

"पृथ्वी," दोघातिघांनी एकदम सांगितलं. तेवढं सगळ्यांनाच पाठ होतं.

देवकीने फळ्यावर पाकळी काढली. एक बाण खाली, एक बाण वर, दोन्ही सारख्या लांबीचे. एखादी वस्तू जागची हलत नाही म्हणून तिच्यावर बलच नाही असं समजू नका, असं तिने सांगितलं. बलं असतात, पण ती एकमेकांना तोलून धरतात, म्हणून आपल्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. तेवढ्यात रुद्रेश उठून फरशीपाशी आला आणि त्याने एका पाकळीला टिचकी मारली. पाकळी खाली आली.

"टीचर, पडली!"

"ती पडली नाही, तू पाडलीस. तुझ्या बोटाचं बल लागलं. जागेवर जा."

मग तिने दोन नव्या पाकळ्या घेतल्या. एक पाण्यातून काढून तशीच लावली. दुसरी बुडवून काढल्यावर रुमालाने टिपून घेतली, नुसता ओलावा राहील एवढी, आणि शेजारी लावली. आधी कुठली पडेल म्हणून विचारलं, तर बहुतेकांनी ओलीच्या बाजूने हात वर केले. ओली जड, म्हणून ती आधी येणार. देवकीने हजेरी घ्यायला सुरुवात केली. हजेरी संपायच्या आधीच टिपलेली पाकळी कडेने सुटली, जरा वळली आणि जमिनीवर आली. ओली जागच्या जागी होती.

तिने बाजू बदलून तोच प्रयोग पुन्हा केला, आणि मग पुन्हा एकदा. दर वेळी टिपलेलीच आधी पडली. मुलांना मजा वाटत होती, पण टीचर स्वतः फरशीकडे इतकं टक लावून का बघतायत हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

"टीचर," सिद्धी हळूच म्हणाली, "बाबा म्हणतात, पाकळी सारखी भिजवची पडता. दोनूय सारख्यो."

"बरोबर सांगतात," देवकी म्हणाली आणि फळा पुसायला वळली.

मुलांना बल समजावून द्यायचं होतं हे खरंच. पण पाकळ्यांचा हा प्रयोग पुस्तकात नव्हता आणि तो देवकीला आयत्या वेळी सुचलेलाही नव्हता. शुक्रवारी तिची सासू सुमंगला देवळात प्रसाद घ्यायला जाणार होती.

सुमंगलाच्या पोटात गाठ होती. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी फोटो दाखवून, बोट ठेवून समजावलं होतं. गाठ आत्ता काढली तर निभावेल, आणखी थांबलात तर पुढे आम्हालाही हात लावता येणार नाही. सुमंगलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन सुनेला सांगितलं, "देवीक विचारल्याबगर हांव पोट कापून घेवची ना." देवकीचा नवरा यशवंत जहाजावर नोकरीला होता. त्याने फोनवर आईची समजूत घातली, मग बायकोची घातली आणि शेवटी 'तुम्ही दोघी काय ते ठरवा' म्हणून मोकळा झाला. मुलगा मोठा गुणी, पण समुद्रावरून ह्यापेक्षा जास्त काही त्याला जमण्यासारखं नव्हतं.

सासूसुनांचं भांडण कधी झालं नव्हतं. झालं असतं तर कदाचित बरं झालं असतं. लग्न झाल्यापासून दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करत आल्या होत्या, पण बोलणं कामापुरतं. सुमंगला चारचौघांत तिची ओळख 'आमची टीचर' अशी करून द्यायची, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे देवकीला अजून उलगडलेलं नव्हतं. हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्यावर एकदा तिने खिडकीतून ऐकलं. सुमंगला शेजारच्या कमलला सांगत होती, "तिका घाई जाल्या गो. घरांत दुयेंत माणूस कोणाक जाय?"

आजारी माणूस घरात नको म्हणून सुनेला घाई, असं तिचं म्हणणं. पण देवकीला नोकरी लागली तेव्हा तिची मुलगी स्नेहा अंगावर पीत होती. तान्हं मूल टाकून सून शाळेत जाते म्हणून वाड्यावर कुजबूज झाली, तेव्हा ह्याच बाईने दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "भुरगें म्हजें. हांव सांबाळटां. तुमच्या कित्या पोटांत दुखता?" त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले ते गेलेच. आता स्नेहा पणजीला कॉलेजात होती. आणि देवकीला भीती वाटत होती, साधी आणि सरळ भीती. सकाळी सुमंगला उठायला उशीर करायची तेव्हा ती दाराबाहेर उभी राहून खोकल्याचा आवाज यायची वाट बघायची.

शाळा सुटल्यावर देवकी घरी न जाता देवळाकडे वळली. बाबाजी तळीच्या पायरीवर बसून चिंचेने समई घासत होता. तिला बघून तो उठू लागला.

"बसा, बाबाजी. सिद्धी चांगला अभ्यास करते हल्ली."

"तुमची किरपा, टीचर." त्याने समई पाण्यात बुडवली. "आज तुमी वर्गांत पाकळ्यो लायल्यो म्हणून सांगत आयलें तें."

बातमी तिच्या आधी पोचली होती. देवकी एक पायरी खाली उतरली. बोलायची वाक्यं तिने वाटेत दोनदा जुळवली होती, पण ती आता एकही उपयोगाला येईना.

"शुक्रवारी आमच्या आई येतायत."

"म्हायत आसा."

"डॉक्टर म्हणतात गाठ काढायलाच हवी. त्या ऐकत नाहीत. उजवी पडली तरच ऐकतील." ती थांबली. "बाबाजी, उजवी पाकळी लावायच्या आधी जरा टिपून घेतली तर..."

बाबाजीचा हात समईवर थांबला. तो तिच्याकडे न बघता तळीच्या पाण्याकडे बघत राहिला. त्याच्या बापाने आणि आजाने हेच काम केलं होतं, आणि अशी गोष्ट त्याला कोणी कधी सांगितली नसावी. निदान एखाद्या टीचरने तरी.

"सुमंगलाबायन म्हज्या लग्नाक दोन दीस उबें रावन रांदलां," तो म्हणाला. मग पुन्हा चिंच घेऊन समई घासू लागला. "तुमी घरा वचात, टीचर. म्हजें काम पाकळी लावपाचें. मुखार देवी पळयतली."

'पुढचं देवी बघेल' ह्याचा अर्थ हो की नाही, ते देवकीला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

शुक्रवारी सुमंगला पहाटेच न्हाली. उपास धरला होता. ठेवणीतलं फिकट लुगडं नेसलेली, पण गेल्या दोन महिन्यांत खांदे इतके उतरले होते की लुगडं तिच्या अंगावर टांगल्यागत दिसत होतं. देवकीने अंगणातली जास्वंदीची फुलं ताटात घेतली आणि तिला गाडीत बसवून देवळात आणलं. आत फारसं कोणी नव्हतं. प्रसादाच्या वेळी वारा नको म्हणून बाबाजीने पंखे बंद केले होते.

सुमंगला गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसली. देवकी एरवी सभामंडपात मागे खांबाला टेकून उभी राहायची, ती आज पुढे आली. बाबाजीने फुलातल्या पाकळ्या सोडवल्या, त्यातल्या दोन सारख्या आकाराच्या निवडल्या आणि तांब्यात बुडवल्या. डावी मूर्तीला लावली. उजवी हातात घेतली. क्षणभर तो तसाच पाठमोरा उभा राहिला. मग त्याने खांद्यावरच्या उपरण्याचं टोक घेतलं, पाकळी त्यात हलकेच दाबली आणि लावली.

देवकीला वाटलं, आता फक्त हजेरीएवढा वेळ जायचा आहे.

लावलेल्या पाकळीला ती पडेपर्यंत हात लावायचा नाही, असा नेम. बाबाजी बाजूला झाला, हात जोडले आणि सुमंगलाकडे वाकून विचारलं, "कितें विचारूं?"

सुमंगलाने पदर सावरला आणि हळू आवाजात, पण स्वच्छ शब्दांत सांगितलं. बाबाजीने ते ऐकलं आणि एकदम वर बघितलं, सुमंगलाच्या डोक्यावरून थेट देवकीकडे. देवकीला त्या नजरेचा अर्थ कळला नाही. मग गाऱ्हाणं सुरू झालं आणि कळला.

"आई माउली," बाबाजीचा आवाज नेहमीसारखा खणखणीत लागत नव्हता. "ही तुजी सुमंगला तुज्या पायांकडे आयल्या. तिच्या पोटांत गाठ जाल्या. कापून घेतल्याबगर, तुज्या अंगाऱ्यान, झाडपाल्यान बरी जातली आसत, तर उजवी दी. कापूनच घेवंक जाय आसत, तर डावी दी."

जे आपल्याला हवं ते उजवीकडे मागायचं, हा तिथला रिवाज, आणि सुमंगलाला पोट कापून घ्यायचं नव्हतं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगू शकलं असतं. देवकीने उभ्या जन्मात कधी प्रसाद मागितला नव्हता, आणि सगळी बलं मोजताना सासूला काय हवं आहे हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शहाणी, शिकलेली, वर्गाला शिकवणारी बाई!

ती उजव्या पाकळीकडे बघत राहिली. पडू नको, पडू नको. ती ज्या देवीला आजवर पुरेसा आदर ठेवून लांबूनच नमस्कार करत आली, तिची तिने त्या वेळी मनापासून विनवणी केली. बाबाजी डोळे मिटून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. बहुधा तोही तेच मागत असावा.

पाकळीची कड सुटली. ती जरा वळली, आणि देवीच्या पायाशी पडली.

"आई माउली!" सुमंगलाने उंबऱ्यावर डोकं टेकलं. ती वर उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावरचा सगळा ताण ओसरला होता. कित्येक आठवड्यांत ती अशी दिसली नव्हती. "पळयलें मगे, देवकी? म्हजे आवयन सांगलें. आतां कापप नाका."

बाबाजीने तिच्या हातावर तीर्थ घातलं. देवकीच्या हातावर घालताना थोडं तीर्थ फरशीवर सांडलं.

बाहेर येईपर्यंत देवकीच्या मनात एकच गोष्ट होती. गप्प राहिलं तर कोणालाच काही कळणार नाही. बाबाजी बोलणार नाही. सासू समाधानात घरी जाईल, काढा पीत बसेल आणि गाठ आपलं काम करत राहील.

देवळाच्या फाटकाशी देणगीदारांची नावं कोरलेली काळी शिळा उभी होती. तिच्यावर सुमंगलाच्या गेलेल्या नवऱ्याचंही नाव होतं. सुमंगला सवयीने त्या नावावर हात ठेवायला थांबली.

"आई," देवकी म्हणाली, "ती पाकळी पडली नाही. मी पाडली."

सुमंगलाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तूं पिशी काय गो? तूं तर भायर उबी आशिल्ली. तुजो हात खंय पावलो?"

देवकीने ताटातल्या दोन पाकळ्या घेतल्या. फाटकाजवळच्या नळावर भिजवल्या. एक तशीच शिळेवर लावली, दुसरी ओढणीत टिपून लावली. आणि वर्गात सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने, सांगू लागली. खाली कोण ओढतं. धरून कोण ठेवतं. पाणी कमी झालं की काय होतं. आवाज मात्र वर्गातला नव्हता. सुमंगला आठवीतल्या मुलीसारखी लक्ष देऊन ऐकत होती. सांगून व्हायच्या आतच टिपलेली पाकळी शिळेवरून सुटली आणि खाली गटारीच्या कडेला पडली.

"मीच बाबाजीला सांगितलं उजवी टिपून घ्यायला. मला वाटलं, तुम्ही कापून घेऊ का म्हणून विचाराल. त्याचा दोष नाही. तो नको म्हणत होता."

सुमंगला त्या पडलेल्या पाकळीकडे बघत राहिली. रस्त्याने लाटंबार्शाची बस धूळ उडवत गेली. सासूच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून देवकी वाट बघत होती. तो आला असता तर सोपं झालं असतं.

"तुवें देवीक फटयलें?"

"हो. फसवलं."

"म्हज्या खातीर?"

देवकीने तोंडावर ओढणी धरली आणि भर रस्त्यावर, शाळेतली अर्धी पोरं ज्या वाटेने जातात त्या वाटेवर, रडू लागली. एवढ्या वर्षांत सासूने तिला रडताना पाहिलं नव्हतं.

ओली पाकळी अजून शिळेवर होती. सुमंगलाने ताटातली आणखी एक घेतली, सावकाश नळाशी जाऊन भिजवली आणि आपल्या हाताने तिच्या शेजारी लावली. पहिलीवरही बोटाने थोडं पाणी सोडलं. दोन्ही सारख्या. मग कमरेवर हात ठेवून ती समोर उभी राहिली. तिने हात जोडले नाहीत, काही पुटपुटली नाही. देवकी डोळे पुसून बघत होती. कुठली आधी पडेल हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

दोन्ही पाकळ्या जागच्या जागी राहिल्या. ऊन चढत होतं.

सुमंगलाने हात उचलला आणि तळव्याने दोन्ही पाकळ्या एकदम पुसून काढल्या. ओला हात लुगड्याला पुसला.

"फट कित्याक मारली, तें तिकाय दिसलें आसतलें," ती देवळाकडे मान करून म्हणाली. "बाबाजीक मागीर एक नाल्ल पावय. खूब भियेला तो."

"नारळ मी पोचवते," देवकी म्हणाली. सुमंगला गाडीपर्यंत आपली आपण चालत गेली. देवकीने दार उघडलं, तिला बसवलं, पदर आत सारला आणि वळसा घालून आपल्या जागी येऊन बसली. तिने गाडी सुरू केली.

गाडी वळणावर आली तेव्हा सुमंगला बाहेर बघत म्हणाली, "बांबोळेक उशी थंय मेळटा, काय आपली व्हरूंक जाय?"

"आपलीच नेऊ," देवकी म्हणाली.